न उठणारा राउटर: प्रकल्प नोंदी, ऑगस्ट २०२५

राउटर: टीपी-लिंक आर्चर सी७, व्हर्जन २. आत क्वालकॉम अथेरॉसची क्यूसीए९५५८ चिप (७२० मेगाहर्ट्‌झ), १६ एमबी फ्लॅश (वीज गेली तरी टिकणारी साठवण), १२८ एमबी रॅम, ५ गिगाहर्ट्‌झसाठी वेगळी क्यूसीए९८८०. कंपनीचं फर्मवेअर (राउटर चालवणारं आतलं सॉफ्टवेअर) काढून ओपनडब्ल्यूआरटी हे मुक्त फर्मवेअर घातलेलं. जागा: गोव्यातल्या डिचोली तालुक्यातलं चिऱ्यांचं, कौलारू घर. चतुर्थी २७ तारखेला. त्याआधी घर भरणार, म्हणून तेवढी मुदत धरली.

कमांड इथे उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टाइप करताना त्या इंग्रजी लहान अक्षरांत टाइप करायच्या. पत्ते आणि आकडे या व्हर्जनचे आहेत. आर्चर सी७ची पुढची व्हर्जनं आतून वेगळी आहेत, तेव्हा तळाच्या स्टिकरवरचा व्हर्जन क्रमांक वाचल्याशिवाय यातला एकही पत्ता वापरू नका.

१२ ऑगस्ट, मंगळवार

संध्याकाळी ओपनडब्ल्यूआरटीचं अपडेट फ्लॅशवर लिहिलं जात असतानाच वीज गेली. वीज आल्यावर सगळे दिवे एकदा लागतात, मग फक्त सिस्टिमचा दिवा लुकलुकतो, वीसेक सेकंदांनी पुन्हा सगळे दिवे, आणि हेच चक्र. पिंग लागत नाही (नेटवर्कवर हाक मारली तर उत्तर नाही), वाय-फाय दिसत नाही.

पहिली चूक अपडेटच्या वेळेची. ऑगस्टमध्ये, बाहेर गडगडत असताना, थेट भिंतीतल्या प्लगवर अपडेट चालवायला नको होतं.

ओपनडब्ल्यूआरटीत फेलसेफ म्हणून एक सोय असते: सुरू होताना दिवा भराभर लुकलुकायला लागला की बटण दाबायचं. दहा-बारा वेळा करून पाहिलं, काही होत नाही. कारण नंतर कळलं. फेलसेफ चालायला कर्नलबरोबर (फर्मवेअरचा गाभा) मूळ फाइल सिस्टिमही (बाकीच्या फाइलींचा साठा) शाबूत लागते. अपडेट फ्लॅशवर सुरुवातीपासून पुढे लिहिलं जातं, म्हणजे आधी कर्नल, मग फाइल सिस्टिम. मध्येच वीज गेली तर कर्नल पूर्ण आणि फाइल सिस्टिम अर्धी राहते, आणि फेलसेफची पायरी येतच नाही.

अडॅप्टर मल्टीमीटरवर तपासला. १२ व्होल्ट, २.५ अँपिअरचा. मूळचा नव्हे, मागे कधीतरी बदललेला. प्लगच्या टोकाला १२.१४ व्होल्ट मिळाले. 'अडॅप्टर ठीक' असं वहीत लिहून टाकलं. या एका ओळीने पुढे दोन दिवस खाल्ले.

घाईत आणखी एक खर्च झाला: सीएच३४१ए प्रोग्रॅमर (फ्लॅश चिपवर थेट लिहिणारं उपकरण) आणि फ्लॅश चिपला लावायचा आठ पायांचा चिमटा, ₹५५० ऑनलाइन. शेवटपर्यंत लागला नाही. बूटलोडर (चालू होताच सगळ्यांत आधी चालणारा छोटा प्रोग्रॅम) जिवंत असेल तर प्रोग्रॅमर लागत नाही. आणि राउटर ठरावीक वेळाने पुन्हा पुन्हा सुरू होतो आहे, दिवे एका क्रमाने लागत आहेत, म्हणजे बूटलोडर बहुतेक जिवंतच असतो. आधी ते पाहावं, मग ऑर्डर द्यावी.

१३ ऑगस्ट, बुधवार

पेटी न उघडता करायचा उपाय आधी. या राउटरच्या बूटलोडरमध्येच टीएफटीपी (नेटवर्कवरून फाइल द्यायची साधी पद्धत) रिकव्हरी आहे. मागचं रीसेट बटण दाबून धरून राउटर चालू केला की तो लॅनमध्ये १९२.१६८.०.६६ या पत्त्यावरच्या संगणकाकडे ठरावीक नावाची फाइल मागतो, मिळाली की ती फ्लॅशवर लिहितो. नाव असं: आर्चरसी७व्ही२, अधोरेषा, टीपी, अधोरेषा, रिकव्हरी, डॉट बिन. 'आर्चर'चा ए आणि 'सी७'चा सी मोठ्या लिपीत, बाकी सगळं लहान. लिनक्सवर एक अक्षर लहान-मोठं झालं तरी फाइल सापडत नाही.

फाइल: ओपनडब्ल्यूआरटी २४.१०ची फॅक्टरी इमेज. उतरवल्यावर एसएचए२५६ बेरीज (फाइल जशीच्या तशी उतरली का हे ओळखायचा आकडा) ताडून पाहिली. ही पायरी चुकवू नका. आधीच एक अर्धवट फाइल आत बसली आहे, तिच्यावर दुसरी नको.

लॅपटॉपवर डीएनएसमास्क या प्रोग्रॅमचा टीएफटीपी सर्व्हर लावला. इथे तीन गोष्टी अडल्या:

फाइल होम फोल्डरमध्ये होती. डीएनएसमास्क सुरू झाल्यावर आपले अधिकार कमी करून घेतो, आणि होम फोल्डर इतरांना बंद असतो. सर्व्हर चालू दिसतो पण फाइल देत नाही. /एसआरव्ही/टीएफटीपी असा वेगळा फोल्डर केला, वाचायची परवानगी सगळ्यांना दिली.

राउटर बंद केला की लॅपटॉपच्या पोर्टचा लिंक जातो, आणि लिनक्सचा नेटवर्कमॅनेजर हाताने दिलेला पत्ता काढून टाकतो. राउटर पुन्हा चालू होऊन फाइल मागतो तेव्हा लॅपटॉपला पत्ताच नसतो. मध्ये पाच पोर्टांचा साधा स्विच घातला. स्विच चालू राहतो, त्यामुळे लॅपटॉपचा लिंक कधीच जात नाही. हा स्विच घरात पडून होता. नसेल तर कुणाकडून मागून आणा, बरीच डोकेदुखी वाचते.

फायरवॉल. वाय-फाय बंद करून, इंटरनेट तोडून, तेवढ्या वेळापुरती फायरवॉल बंद केली.

एवढं करूनही काही नाही. टीसीपीडंप (तारेवरून काय येतं-जातं ते दाखवणारा प्रोग्रॅम) लावून पाहिलं: राउटर चालू झाल्यावर '१९२.१६८.०.६६ कोण आहे?' अशी एआरपी विचारणा यायला हवी. ती एकदाही आली नाही. म्हणजे फाइलचा, फायरवॉलचा, नावाचा प्रश्नच नव्हता. राउटर रिकव्हरीत जातच नव्हता. टीसीपीडंप पहिल्याच प्रयत्नाला लावला असता तर चार तास वाचले असते. सर्व्हरच्या सेटिंगमध्ये हात घालण्याआधी तारेवर काय येतंय ते बघा.

१४ ऑगस्ट, गुरुवार

सिरियल पोर्टशिवाय (बोर्डावरून थेट बूटलोडरशी बोलायची वाट) गत्यंतर नाही. म्हापशाच्या बाजारातून तो लॅपटॉपला जोडणारं यूएसबी-टीटीएल मॉड्यूल (सीपी२१०२) ₹२४० आणि पिनांची पट्टी ₹२०. उद्या १५ ऑगस्ट, दुकानं बंद, म्हणून लागेल ते सगळं आजच आणलं.

पेटी उघडली. तळाचे स्क्रू काढल्यावर कडेच्या खाचा जुन्या प्लास्टिक कार्डाने एकेक करून सोडवल्या. स्क्रूड्रायव्हरचं टोक घालू नका, काळ्या चकचकीत प्लास्टिकवर लगेच वण पडतो, शिवाय टोक आतल्या अँटेनाच्या बारीक तारांना लागू शकतं.

बोर्डाच्या एका कोपऱ्यात मुंग्यांची वस्ती: मातीचे कण, पांढरी अंडी, मेलेल्या मुंग्यांचा थर. उबदार आणि कोरडी जागा, पावसाळ्यात मुंग्यांना याहून चांगली कुठली मिळणार. मागच्या बटणाच्या पायांवर हिरवट बुरशीसारखा गंज. दाताचा मऊ ब्रश आणि ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरून बोर्ड दोनदा साफ केला. पावसाळ्यात सुकायला वेळ द्यावा लागतो. चिऱ्याची भिंत या दिवसांत ओलच धरून असते, अशा खोलीत तासाभरात काही सुकत नाही. टेबल लॅम्पखाली रात्रभर ठेवला.

१६ ऑगस्ट, शनिवार

बोर्डावर चार भोकांची रिकामी ओळ म्हणजे सिरियल पोर्ट. कुठलं भोक कशाचं हे छायाचित्र पाहून ठरवू नका, मोजा. राउटर बंद असताना यूएसबी पोर्टच्या पत्र्याशी जे भोक बीप करतं ते ग्राउंड. राउटर चालू केल्यावर ज्यावर ३.३ व्होल्ट पक्के राहतात ते व्हीसीसी (विजेचा पुरवठा), त्याला हात लावायचा नाही. सुरू होताना ज्यावरचा व्होल्टेज काही सेकंद खालीवर होतो ते राउटरचं टीएक्स (पाठवणारं). उरलेलं आरएक्स (घेणारं).

भोकं कथलाने भरलेली होती. एकेक गरम करून, डीसोल्डरिंग विकने कथील ओढून पिना बसवल्या. एक तास लागला. ग्राउंडचं भोक सगळ्यांत हट्टी, कारण ते बोर्डातल्या मोठ्या तांब्याच्या थराला जोडलेलं असतं आणि सगळी उष्णता तिकडे निघून जाते. तिथे आधी थोडं नवं कथील घालून मग ओढलं तर निघतं.

मॉड्यूलवरचा जंपर ३.३ व्होल्टवर आहे याची खात्री करूनच तीन तारा जोडल्या: ग्राउंडला ग्राउंड, राउटरचं टीएक्स मॉड्यूलच्या आरएक्सला, आरएक्स टीएक्सला. वेग ११५२००, आठ बिट, पॅरिटी नाही, एक स्टॉप बिट.

अक्षरं आली आणि दुखणं पहिल्यांदा डोळ्यांनी दिसलं. यू-बूट १.१.४ (हाच बूटलोडर), कर्नल सुरू, मग स्क्वॅशएफएसच्या (मूळ फाइल सिस्टिमच्या) चुका ओळीने, शेवटी 'कर्नल पॅनिक, नॉट सिंकिंग', मूळ फाइल सिस्टिम जोडता येत नाही, काही सेकंदांत पुन्हा सुरुवात. अंदाज होता तसंच.

बूटलोडर थांबवायला 'ऑटोबूटिंग इन १ सेकंड्स' ही ओळ दिसताच टीपीएल ही तीन अक्षरं टाइप करायची. वेळ खरोखर एकच सेकंद. टाइप केलं, काही नाही. पन्नास वेळा केलं, काही नाही. आरएक्सची तार तपासली, पिनेचा सोल्डर पुन्हा केला, मॉड्यूल दुसऱ्या पोर्टला लावलं. दीड तास गेला. दोष मिनिकॉममध्ये (लॅपटॉपवरचा सिरियलचा प्रोग्रॅम) होता: त्यात हार्डवेअर फ्लो कंट्रोल मुळातच चालू असतो. फ्लो कंट्रोलच्या तारा तर आपण जोडलेल्याच नाहीत, म्हणून मिनिकॉम 'पाठवू का?' असं विचारून उत्तराची वाट पाहत बसतो आणि एकही अक्षर बाहेर सोडत नाही. वाचता येतं, लिहिता येत नाही, असं झालं की आधी हेच बघा. सेटिंग बंद केलं, मेनूतून जतन केलं, पुढच्याच प्रयत्नात यू-बूटचा प्रॉम्प्ट मिळाला.

आज आणखी एक गोष्ट समजली. बटण दाबून चालू केलं तरी सिरियलवर टीएफटीपीची एकही ओळ येत नाही. बटणाच्या दोन पायांमध्ये रोध मोजला: न दाबता उघडं, दाबल्यावर ४० किलोओहम. दाबल्यावर दोन-तीन ओहमच्या आत यायला हवा. चिपच्या त्या पायाचा व्होल्टेज वर धरून ठेवणारा रोधक असतो. बटणाचाच रोध ४० किलोओहम असेल तर पाय खाली येतच नाही आणि बूटलोडरला बटण दाबलेलं दिसत नाही. १३ तारखेचे चार तास या गंजापायी गेले. फेलसेफला मात्र बटण चांगलं असतं तरी उपयोग झाला नसता.

१७ ऑगस्ट, रविवार

आज काहीही लिहायचं नाही, फक्त वाचायचं, असं ठरवून बसलो. या सगळ्या नोंदींत एवढी एकच पायरी वाचणार असाल तर ही वाचा.

१६ एमबी फ्लॅशमध्ये पहिले १२८ केबी बूटलोडर, त्यातच राउटरचा मॅक पत्ता. शेवटचे ६४ केबी म्हणजे आर्ट विभाग: याच बोर्डाच्या रेडिओचं कॅलिब्रेशन, कारखान्यात मोजून भरलेलं. मधलं सगळं फर्मवेअर. फर्मवेअर कुठूनही पुन्हा मिळतं. आर्ट कुठूनही मिळत नाही. दुसऱ्या राउटरचा आर्ट घातला तर वाय-फाय सुरू होईल, पण त्यातली मापं दुसऱ्या बोर्डाची असतील. पल्ला कमी, वेग कमी, आणि कारण कधीच कळणार नाही. म्हणून लिहिण्याआधी हे दोन विभाग बाहेर काढून ठेवायचे.

यू-बूटमधून फाइल बाहेर काढायची सोय नाही, पण मेमरी पडद्यावर छापता येते. मिनिकॉममध्ये नोंद फाइल सुरू केली आणि एमडी डॉट बी ९एफएफएफ०००० १०००० अशी कमांड दिली. एका ओळीत १६ बाइट, म्हणजे ६४ केबीच्या ४०९६ ओळी. ११५२०० वेगाने साधारण २८ सेकंद लागतात. बूटलोडरसाठी ९एफ०००००० पासून २००००, तिथे ८१९२ ओळी आणि दुप्पट वेळ.

पहिल्या छापात ४०९३ ओळी आल्या. तीन गळल्या. मॉड्यूल यूएसबी हबमधून लावलं होतं. थेट लॅपटॉपला लावलं, दोनदा छापलं, दोन्ही फाइली डिफ कमांडने ताडल्या, फरक शून्य. मग पत्ते आणि उजवीकडची अक्षरं काढून एक्सएक्सडी कमांडने हेक्सचे (सोळा-आधारी आकड्यांचे) बाइट केले. फाइल नेमकी ६५,५३६ बाइटची आली. आत १००० (हेक्स) या जागी ०२ ०२ ने सुरुवात: २.४ गिगाहर्ट्‌झचं कॅलिब्रेशन शाबूत. त्या जागी सगळे एफएफ दिसले असते तर आर्ट आधीच गेलेला होता असं समजावं लागलं असतं. ५ गिगाहर्ट्‌झचं कॅलिब्रेशन ५००० पासून, तिथेही बाइट भरलेले.

दोन्ही फाइली तीन ठिकाणी ठेवल्या. तासाभराचं काम. ज्यांचा राउटर आज नीट चालतो आहे त्यांनी तर हे आजच करावं. चालू ओपनडब्ल्यूआरटीत आर्टची प्रत वेब पानावरच्या बॅकअप विभागातून दोन क्लिकमध्ये निघते, सिरियलची गरजही लागत नाही.

१८ ऑगस्ट, सोमवार

लिहायचा दिवस. पुन्हा वीज जाऊ नये म्हणून राउटर भिंतीवर लावलाच नाही. जुन्या यूपीएसमधली १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासाची बॅटरी आदल्या रात्री भरून ठेवली होती, आज १२.७ व्होल्ट. मध्ये ३ अँपिअरचा फ्यूज. प्लगचं आतलं टोक धन, बाहेरचं ऋण, राउटरच्या तळावरच्या चिन्हाशी दोनदा ताडून. चार्जर लावलेल्या बॅटरीवर राउटर जोडू नका, तेव्हा व्होल्टेज चौदाच्या जवळ जातो.

प्रॉम्प्टवर राउटरचा आणि लॅपटॉपचा पत्ता सेटएन्व्हने दिला (१९२.१६८.१.२ आणि १९२.१६८.१.१०). हे पत्ते रॅममध्येच राहतात आणि तेवढं पुरतं. सेव्हएन्व्ह करू नका, विनाकारण फ्लॅशवर लिहायचं नाही. मग टीएफटीपीबूट ८१०००००० आणि फाइलचं नाव. टी टी टी अशी रांग आली, म्हणजे उत्तर नाही. लॅपटॉप अजून १९२.१६८.०.६६ वरच होता. पत्ता बदलल्यावर हॅशच्या रांगा धावू लागल्या.

शेवटी यू-बूटने आकार छापला: १,६२,५२,९२८ बाइट, पुढे हेक्समध्ये एफ८००००.

इथे थांबून वाचा. यू-बूट प्रत्येक आकडा हेक्स समजतो. आकाराच्या जागी दशमानातला १६२५२९२८ टाइप केला तर तो त्याला हेक्स समजून सुमारे ३५४ एमबी वाचेल. एवढी मोठी चूक बहुतेक वेळा 'पल्ल्याबाहेर' म्हणून अडते. छोटी चूक, म्हणजे एखादं शून्य किंवा एफ इकडचं तिकडे, अडत नाही आणि आर्टवर जाऊन बसते. कमांड आधी वहीत लिहिली, मग टाइप केली, मग एंटर दाबण्याआधी वहीशी अक्षर-अक्षर ताडली.

इरेझ ९एफ०२०००० +एफ८००००.

पडद्यावर पहिली ओळ आली: पहिला सेक्टर २, शेवटचा एफ९, सेक्टरचा आकार १००००. हीच ओळ महत्त्वाची. पहिला सेक्टर २ म्हणजे ० आणि १ मधला बूटलोडर सुरक्षित. शेवटचा एफ९ म्हणजे एफएफमधला आर्ट सुरक्षित. ० किंवा १ दिसला किंवा एफएफ दिसला तर काम बिघडलं आणि कालच्या फाइलींची गरज पडली. २४८ सेक्टर पुसायला पावणेदोन मिनिटं.

मग सीपी डॉट बी ८१०००००० ९एफ०२०००० एफ८००००. इथे यू-बूट काहीच बोलत नाही. तीनेक मिनिटं पडदा स्तब्ध. अडकला असं समजून कुणी वीज काढू नये, याचसाठी हा आकडा मुद्दाम दिला आहे. 'डन' आल्यावर बूटएम ९एफ०२००००.

कर्नल, स्क्वॅशएफएस, ओव्हरले (बदललेली सेटिंग साठवायची जागा), एकही चूक नाही. पहिल्या सुरुवातीला ओव्हरले तयार होत असतो, म्हणून दोन-तीन मिनिटं हात लावला नाही. १९२.१६८.१.१ वर पान उघडलं.

कंपनीचंच फर्मवेअर परत घालणाऱ्यांसाठी: फाइलच्या नावात 'बूट' हा शब्द असेल तर ती जशीच्या तशी या पत्त्यावर लिहू नका. तिच्या सुरुवातीला ५१२ बाइटचं शीर्षक आणि १२८ केबीचा बूटलोडर असतो. डीडी कमांड वापरून ५१२ बाइटचे पहिले २५७ तुकडे गाळायचे आणि उरलेली फाइल लिहायची.

२० ऑगस्ट, बुधवार

पेटी बंद करण्याआधी राउटर बॅटरीवर आणि मग अडॅप्टरवर चालवून बघायचं ठरलं होतं. हे ठरवलं म्हणून पुढचा दोष सापडला.

बॅटरीवर एकदाही अडखळला नाही. दोन्ही रेडिओ चालू, यूएसबी पोर्टला पेन ड्राइव्ह. आज सकाळी अडॅप्टरवर आणला. तारेवर ठीक. वाय-फाय आधीच चालू असल्यामुळे ५ गिगाहर्ट्‌झचा रेडिओ उठायच्या सुमारास राउटर पुन्हा सुरू झाला. मग पुन्हा. बाहेरून बघणाऱ्याला हे १२ तारखेचंच दुखणं वाटेल आणि तो फर्मवेअर पुन्हा लिहायला बसेल.

सिरियलची नोंद वेगळं सांगत होती. १६ तारखेला पडण्याआधी पॅनिकचा संदेश होता, कारण होतं, मग रीबूट. आज रेडिओची ओळ छापता छापता शब्दाच्या मध्येच तुटली आणि त्याच ओळीत पुढे यू-बूटचं नाव. पॅनिक नाही, चूक नाही, निरोप नाही. सॉफ्टवेअर पडतं तेव्हा बहुतेक वेळा काहीतरी सांगून पडतं. शब्दाच्या मध्ये तुटलं तर वीज तुटली असं समजा.

ओपनडब्ल्यूआरटी नव्याने घातल्यावर वाय-फाय बंदच असतो, हेही इथे लक्षात ठेवण्यासारखं आहे. अशक्त अडॅप्टरवर असा राउटर तासन्‌तास व्यवस्थित चालेल आणि वाय-फाय चालू केल्याबरोबर कोसळेल. दोष मग वाय-फायवर किंवा नव्या फर्मवेअरवर ढकलला जातो.

२१ ऑगस्ट, गुरुवार

अडॅप्टर भार लावून मोजला. भार म्हणून दुचाकीच्या इंडिकेटरचे १२ व्होल्ट, १० वॅटचे बल्ब. स्पेअर पार्टच्या दुकानदाराने विचारलं, "भाऊ, दहाचा देऊ की एकवीसचा?" दहाचेच दोन घ्या, ₹२५ला एक. एका बल्बला साधारण ०.८३ अँपिअर लागतात, दोन समांतर लावले की १.६७. एकवीस वॅटचा एकदम लावला तर थंड तारेचा सुरुवातीचा झटका इतका असतो की चांगला अडॅप्टरही क्षणभर बंद पडतो आणि निष्कर्ष चुकतो.

भाराशिवाय १२.१४. एका बल्बवर ११.३. दोन बल्बांवर ९.४ आणि बल्ब थरथरत होते, अडॅप्टरमधून टिकटिक आवाज. २.५ अँपिअर लिहिलेला अडॅप्टर १.६७ ला गुडघे टेकत होता. १२ तारखेची 'अडॅप्टर ठीक' ही ओळ वहीत खोडली. भाराशिवायचा आकडा फक्त एवढंच सांगतो की अडॅप्टर मेलेला नाही.

आतला बाहेरच्या बाजूचा कपॅसिटर फुगलेला असणार, १०५ अंशांचा नवा घालता येतो, खर्च दहा-वीस रुपये. पण हा अडॅप्टर उघडायचा नाही असं ठरवलं. कवच चिकटवून बंद केलेलं आहे, फोडल्यावर पुन्हा तसं घट्ट बसणार नाही, आणि आतल्या मोठ्या कपॅसिटरवर प्लग काढल्यानंतरही तीनशेच्या वर व्होल्ट राहू शकतात. घरात मुलं असतात, अशी वस्तू टेप गुंडाळून प्लगला लावायची नाही.

पणजीहून १२ व्होल्ट, ३ अँपिअरचा नवा, ₹४५०. जुना प्लग सोबत नेला होता. बाहेरचा व्यास सारखा दिसला तरी आतल्या पिनेचं भोक २.१ आणि २.५ मिलिमीटर असं दोन तऱ्हेचं असतं. सैल बसणारा प्लग वरवर चालतो आणि हलला की राउटर बंद पडतो. दुकानातच दोन बल्ब लावून पाहिला: १२.२ वरून ११.९.

बटणात काँटॅक्ट क्लीनर (₹२८०) फवारला, शंभरेक वेळा दाबलं, पुन्हा फवारला. रोध २ ओहमवर आला. लगेच रिकव्हरीची तालीम: बटण दाबून चालू केलं, टीसीपीडंपमध्ये १९२.१६८.०.६६ची विचारणा, फाइल गेली, राउटर उठला. पुढच्या वेळी पेटी उघडावी लागणार नाही.

२४ ऑगस्ट, रविवार

नव्या अडॅप्टरवर तीन दिवस, दोन्ही रेडिओ चालू, एकदाही रीबूट नाही. शुक्रवारी रात्री वीज दोनदा येऊन-जाऊन झाली, दोन्ही वेळा आपोआप उठला.

पेटी बंद करताना सिरियलच्या पिना तशाच ठेवल्या, वरून उष्णतेने आकसणारी नळी. तळाच्या हवेच्या जाळीला आतून मच्छरदाणीचा बारीक तुकडा लावला, मुंग्यांसाठी. जाळी पूर्ण झाकली तर राउटर तापतो, म्हणून दोन दिवस हात लावून तपासलं, पूर्वीइतकाच कोमट आहे. राउटर जमिनीलगतच्या ओलसर भिंतीवरून काढून कपाटाच्या वर नेला.

उपयोगी पडलेला खर्च: मॉड्यूल २४०, पिना २०, बल्ब ५०, क्लीनर २८०, अडॅप्टर ४५०, एकूण ₹१,०४०. वाया गेलेला: प्रोग्रॅमर ५५०. वेळ साधारण २२ तास. त्यातले चार १३ तारखेचे, दीड मिनिकॉमचा.

बाकी आहे: बटण बदलायचं. साफ केलेला गंज समुद्राकडच्या या हवेत परत येतो. आडवं, कडेला बसणारं तसं बटण अजून मिळालेलं नाही. तोवर दर महिन्याला एकदा मल्टीमीटर लावून रोध मोजायचा. १० ओहमच्या वर गेला की पुन्हा फवारा.